ऊन, जनुक आणि आमवात : एका अनुमानाची चिकित्सा

सोलापूरच्या उन्हाविषयी सोलापूरकरांस काही सांगावे अशी परिस्थिती नाही. हे शहर उत्तर अक्षांश १७.७ च्या सुमारास वसलेले आहे, आणि त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यास लागणारे अतिनील किरण येथे बारा महिने मध्यान्हीच्या सुमारास उपलब्ध असतात. लंडन अथवा बोस्टन येथील रहिवाशांस हिवाळ्याचे कित्येक महिने हे भाग्य लाभत नाही. असे असूनही भारतातील शहरांतून गेल्या पाव शतकात ज्या ज्या वेळी निरोगी माणसांचे रक्त तपासले गेले, त्या त्या वेळी ड जीवनसत्त्वाची पातळी अपेक्षेहून पुष्कळच खाली आढळली. दिल्ली येथे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उघड्यावर वावरणाऱ्या सैनिकांची पातळी चांगली होती, आणि त्याच शहरातील रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांची खालावलेली होती. सूर्य एकच, माणसांचे वावरणे मात्र भिन्न. प्रस्तुत लेखातील सारा वाद या साध्या वाक्याभोवती फिरणार आहे, म्हणून ते आरंभीच नोंदवून ठेवतो.

ड जीवनसत्त्वाची कमतरता, ते वापरणाऱ्या व घडविणाऱ्या जनुकांतील भेद आणि आमवाताचा धोका या तिहींचा संबंध दाखविणारे लेखन अलीकडे विपुल झाले आहे. येथे आमवात हा शब्द र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या रोगासाठी योजिला आहे. उतारवयात गुडघे झिजून होणारा विकार तो हा नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, बोटांचे व मनगटांचे लहान सांधे सुजतात, सकाळी तास-तासभर आखडून राहतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास कायमचे वाकडे होतात. पुरुषांहून स्त्रियांत हा रोग दुपटीतिपटीने अधिक आढळतो. आपल्या प्रदेशापुरते पाहावयाचे, तर पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर केलेली पाहणी हा आपला पहिला आधार होय. सुमारे चार हजार प्रौढांच्या त्या गावात आमवाताचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास भरले.

या विपुल लेखनाचा पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर परिणाम होणे स्वाभाविकच आहे. शंभर रुग्ण, शंभर निरोगी माणसे, एक जनुक आणि शेवटी ‘संबंध आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ हा प्रबंधाचा सुटसुटीत साचा सर्वत्र रूढ झाला आहे. या साच्याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

१

मूळ अनुमानाची मांडणी अशी : ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप प्रतिकारयंत्रणेतील पेशींना आवर घालते, आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात त्याची पातळी कमी आढळते, सबब त्याची कमतरता हे आमवाताचे एक कारण होय. यांपैकी पहिले विधान प्रयोगशाळेत पुष्कळ अंशी सिद्ध झालेले आहे. दुसरेही बहुधा खरे आहे. परंतु या दोहोंतून तिसरे निघत नाही.

जिचे गुडघे व मनगटे सुजली आहेत अशी स्त्री अंगणात येत नाही. ती खाटेवर पडून राहते. तिच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळले, तर तो रोगाचा परिणाम असण्याचा संभव कारण असण्याच्या संभवाहून कमी नाही. शिवाय नुसता दाह हाच ही पातळी खाली ओढतो. गुडघ्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेनंतर अवघ्या दोन दिवसांत रुग्णांच्या रक्तातील पातळी उतरल्याचे आढळून आले आहे. दोन दिवसांत कोणाचे ऊन कमी होत नाही आणि आहारही बदलत नाही. तेव्हा रोग जडल्यानंतर घेतलेल्या रक्तावरून रोगापूर्वीच्या स्थितीविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे जळालेल्या घराची राख पाहून आग लागण्यापूर्वी घर थंड होते की गरम हे ठरविण्यासारखे आहे.

ही अडचण ओळखून काही संशोधकांनी निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. अमेरिकेतील आयोवा राज्यात २९,३६८ वयस्क स्त्रियांचा ११ वर्षे मागोवा घेऊन २००४ साली असा निष्कर्ष काढण्यात आला, की ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व अधिक त्यांना आमवाताचा धोका सुमारे एकतृतीयांशाने कमी. तेवढ्या स्त्रियांत रुग्ण निघाले १५२. चारच वर्षांनी, १,८६,३८९ परिचारिकांच्या मागोव्यातून आणि ७२२ रुग्णांच्या आधारे, असा कोणताही संबंध दिसत नसल्याचे प्रसिद्ध झाले. दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते. परंतु दोहोंत आहाराची नोंद होती, उन्हाची नव्हती. आणि मानवी शरीरातील ड जीवनसत्त्वाचा मोठा भाग पानातून येत नाही, तो त्वचेतून येतो.

२

या पेचातून वाट काढण्यासाठी जनुकांचा आश्रय घेण्यात आला. येथे विद्यार्थ्यांकडून वारंवार होणारा एक घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. ‘ड जीवनसत्त्वाचे जनुक’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू एकत्र कोंबल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे ग्राहकाचे, अर्थात पेशीतील ज्या प्रथिनाला हे जीवनसत्त्व जाऊन चिकटते त्या प्रथिनाचे, जनुक. त्यातील फॉक-१, बीएसएम-१, एपीए-१ आणि टॅक-१ या चार भेदांवर सर्वाधिक प्रबंध झाले आहेत. पैकी फॉक-१ या भेदाने प्रथिनाचा आरंभबिंदू बदलतो, आणि ४२७ ऐवजी ४२४ अमिनो आम्लांचे, किंचित अधिक कार्यक्षम प्रथिन तयार होते. उरलेले तीन भेद जनुकाच्या शेपटाकडील भागात असून त्यांच्यामुळे प्रथिनाची घडण बदलत नाही. ते निवडले गेले, याचे एक कारण ते ओळखण्याची पद्धत जुनी, सोपी व स्वस्त आहे हेच होय. साधन हाताशी आहे म्हणून प्रश्न निवडावा, हा शास्त्राचा मार्ग नव्हे. शिवाय ग्राहकाच्या भेदावरून रक्तातील पातळीविषयी काहीच सिद्ध होत नाही. कुलूप बदलले म्हणून खिशातील किल्ल्यांची संख्या कळत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे पातळी ठरविणारी जनुके. २०१० साली सुमारे तीस हजार युरोपीय वंशाच्या माणसांच्या अभ्यासातून अशी स्थाने निश्चित झाली. डीएचसीआर७ हे त्वचेतील कच्चा माल कोलेस्टेरॉलकडे वळविणाऱ्या एन्झाइमचे जनुक. सीवायपी२आर१ हे यकृतात जीवनसत्त्वाचे पुढील रूप घडविणारे. जीसी हे रक्तात ते वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे. आणि सीवायपी२४ए१ हे त्याचा निकाल लावणारे. आपल्या कामाची जनुके ही होत.

यांचा उपयोग मेंडेलच्या नियमावर आधारलेला आहे. आईबापांकडून जनुकाचे कोणते रूप मिळावे, हे गर्भधारणेच्या वेळी फासे टाकल्यासारखे ठरते. पुढे माणूस आजारी पडो वा अंथरुणाला खिळो, ते बदलत नाही. म्हणून ज्यांच्या वाट्याला जन्मतःच कमी पातळीची रूपे आली त्यांना आमवात अधिक होतो काय, एवढेच पाहावयाचे. अधिक होत असेल तर कमतरता हे कारण. होत नसेल तर तो निव्वळ सोबती. युक्ती खरोखर सुंदर आहे. या पद्धतीने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवरून २०१८ साली केलेल्या एका विश्लेषणात ड जीवनसत्त्व आणि आमवात यांत कार्यकारणाचा पुरावा आढळला नाही.

मग वाद येथेच संपावयास हवा होता. तो का संपत नाही, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे नाशिकला जाणे इष्ट आहे.

३

१९२२ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात हचिसन आणि शाह या दोघांचा मुडदुसाच्या कारणांविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. त्याची भूमी होती नाशिक. त्याच वर्षी अमेरिकेत मॅक्कॉलम व त्यांचे सहकारी माशाच्या तेलातील मुडदूसनाशक द्रव्य अ जीवनसत्त्वाहून वेगळे असल्याचे दाखवीत होते. म्हणजे या लेखकांपाशी ना जीवनसत्त्व मोजण्याचे साधन होते, ना जनुकाची कल्पना. तरीही त्यांनी जे पाहिले ते आजच्या अनेक लेखांतून हरवले आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या गरिबांच्या घरी अन्न निकृष्ट. तरी त्यांची मुले मुडदुसापासून मुक्त होती. सुस्थितीतील, गोषा पाळणाऱ्या कुटुंबांत अन्न बरे. पण तेथील बायकांना अस्थिमृदुता आणि तान्ह्या मुलांना मुडदूस होता. ताटाने जे सांगितले नाही ते घराच्या रचनेने सांगितले. माजघर, बाळंतिणीची अंधारी खोली, परसूकडचे बंद दार यांचा हिशेब त्यांनी रोगाच्या कारणांत धरला.

आता या जुन्या निरीक्षणाचा नव्या जनुकविद्येशी संबंध पाहू. डीएचसीआर७ या जनुकाचे मंद रूप असलेल्या माणसाच्या त्वचेत कच्चा माल अधिक शिल्लक राहतो. म्हणून ऊन पडले की जीवनसत्त्व अधिक तयार होते. परंतु ऊन पडलेच नाही तर? ज्या स्त्रीचा दिवस माजघरात जातो तिच्या त्वचेत कच्चा माल थोडा असो वा भरपूर, तो तसाच पडून राहणार. तिच्या बाबतीत हे जनुक मुकेच आहे. जनुक बोलते ते उन्हात. उन्हाची चौकशी न करता अशा समूहात जनुकाची परीक्षा घेतली, तर ‘संबंध नाही’ असे उत्तर येईल. त्याचा अर्थ कमतरता निरुपद्रवी आहे असा नसेल. निर्देशकच निकामी होता एवढाच असेल.

यास आणखी एक गोष्ट जोडावी लागते. वर सांगितलेली सर्व सामान्य जनुकरूपे मिळूनही माणसामाणसांतील पातळीच्या फरकापैकी शेकड्यास थोडकाच भाग स्पष्ट करतात. उरलेल्यात ऊन, कपडे, वय, वजन व आहार यांचा वाटा मोठा आहे. शिवाय जीसी या जनुकाच्या भेदाने वाहक प्रथिनाची घडण व प्रमाण बदलते. म्हणून रक्तातील एकूण आकडा कमी दिसला, तरी पेशीला प्रत्यक्ष मिळणारा मुक्त अंश तितकाच कमी असेल असे नाही. तात्पर्य, युरोपातून आलेले ‘नाही’ हे उत्तर सुस्थितीतील युरोपीय समाजापुरते वजनदार आहे. अत्यंत खालावलेल्या पातळीच्या समाजाविषयी ते जवळपास मौन पाळते.

४

एवढे वाचून एखादा उत्साही विद्यार्थी म्हणेल, ‘मग हा अभ्यास सोलापुरातच करू.’ उत्साह स्तुत्य आहे. परंतु नेमक्या येथे दुसऱ्या बाजूची, म्हणजे खोट्या ‘होय’ची, भीती उभी राहते.

सोलापूर हे मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्यांचे शहर आहे. तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेला पद्मशाली विणकर समाज, कानडी बोलणारा लिंगायत समाज, मराठीभाषक जाती आणि मुसलमान समाज यांच्यात पिढ्यान् पिढ्या बेटीव्यवहार मुख्यतः आपापल्या वर्तुळात होत आला. अशा समूहांत जनुकरूपांचे प्रमाण सारखे नसते. आणि जातीबरोबर केवळ जनुकेच आली नाहीत. धंदा आला, घर आले, पोशाख आला. कोणी मागावर बसतो, कोणी शेतात राबतो, कोणी दुकानाच्या गादीवर असतो. अशा ठिकाणी रुग्ण एका मोहल्ल्यातील आणि तुलनेची निरोगी माणसे रक्तदात्यांच्या यादीतील घेतली, तर जो संबंध निघेल तो जनुक आणि रोग यांचा असेल की पेठ आणि पेठ यांचा, हे सांगता येणार नाही. मेंडेलच्या फाशांचा न्याय एकाच पटावर लागू पडतो. दोन पटांवरचे फासे एकत्र मोजून चालत नाही.

यंत्रमागाचे उदाहरण घ्यावे. मलेशियात ९१० नव्या रुग्ण स्त्रियांची तितक्याच निरोगी स्त्रियांशी तुलना करणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वस्त्रोद्योगातील धुळीशी ज्यांचा संबंध आला होता त्यांच्यात आमवाताचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला. प्रतिकारयंत्रणेच्या एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे आमवाताशी निगडित रूप ज्यांच्यापाशी होते त्यांच्यात, या रोगाच्या विशिष्ट प्रतिपिंडांसह होणाऱ्या प्रकाराचा धोका तर अनेक पटींनी वाढलेला होता. चादरी आणि टॉवेल यांच्या या शहरात ही माहिती दुर्लक्षून चालणार नाही. ज्या छपराखाली ऊन पोहोचत नाही त्याच छपराखाली सुताची धूळ तरंगत असते. कामगाराच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघाले आणि त्याला आमवातही झाला, तर दोष अंधाराचा की धुळीचा? कमी झालेले जीवनसत्त्व कदाचित धुळीच्या बाजूला उभा असलेला साक्षीदार असेल, आणि आपण त्यालाच आरोपी ठरवू. मांडीवर सूप घेऊन दिवसभर घरातच विड्या वळणाऱ्या स्त्रियांविषयीही हाच प्रश्न विचारता येईल. तेथे धूळ सुताची नसून तंबाखूची, एवढाच फरक.

सारांश, ऊन न विचारल्यास खोटे ‘नाही’ येते. वस्ती आणि धंदा न विचारल्यास खोटे ‘होय’ येते. दोन्ही चुकांचे मूळ एकच : माणसाचा दिवस कसा जातो, हे टिपून घेण्याचा कंटाळा.

संख्येची अडचण वेगळीच. शेकडा अर्धा या प्रमाणाने चार हजार प्रौढांच्या गावात आमवाताचे रुग्ण सापडणार वीसच्या आसपास. उलट, आमवाताशी निगडित १०१ जनुकस्थाने निश्चित करणाऱ्या २०१४ च्या जागतिक विश्लेषणास २९,८८० रुग्ण व ७३,७५८ निरोगी माणसे लागली, आणि तीही युरोपीय व पूर्व आशियाई वंशांची. अशा स्थितीत शंभर रुग्णांवर बेतलेल्या प्रबंधाचे ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही सारखेच डळमळीत असतात.

५

हा वाद केवळ प्रबंधापुरता असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्याची किंमत रुग्ण मोजतो. आपल्याकडे अस्थिमृदुता हा रोग अजून नाहीसा झालेला नाही. त्यात हाडे ठणकतात, मांड्यांतील बळ जाते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. रुग्ण त्याला ‘वात’ म्हणते, आणि तिच्या कागदावरही पुष्कळदा तोच शब्द उमटतो. साठ हजार एककांच्या पुड्यांनी हे दुखणे खरोखर बरे होते. त्यातून पुडीची कीर्ती पसरते, आणि ज्या शेजारणीची बोटे आमवाताने सुजली आहेत तीही पुड्यांवरच महिने काढते. आमवातात पहिले काही महिने निर्णायक असतात. मेथोट्रेक्झेटसारखे औषध वेळीच सुरू झाले तर सांधे वाचतात, विलंब झाला तर झालेली हानी भरून येत नाही. दोन वेगळ्या रोगांना एक नाव दिल्याचा हा परिणाम आहे.

न्यायाच्या दृष्टीने विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या प्रयोगात रोज दोन हजार एकके ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत सुमारे पाच वर्षांच्या काळात सर्व स्वयंप्रतिकार रोगांचे मिळून १२३ रुग्ण आढळले, आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत १५५. म्हणजे शेकडा २२ ने कमी. हा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगात वाटणी संशोधकाच्या हातची असल्याने अशा पुराव्यास निरीक्षणाहून अधिक मान द्यावयास हवा. मात्र हा आकडा अनेक रोगांच्या बेरजेचा आहे. एकट्या आमवाताचे रुग्ण त्यात इतके थोडे होते, की त्यावरून स्वतंत्र निर्णय देणे धाडसाचे ठरेल. शिवाय तो प्रतिबंधाचा प्रयोग होता. जडलेल्या रोगावरील उपचाराचे प्रमाणपत्र म्हणून तो दाखविणे सर्वथा गैर होय. प्रतिबंधाची शक्यता खुली आहे, एवढेच या घटकेस म्हणता येते. आणि ती खुली आहे म्हणूनच तिची परीक्षा नेटकी व्हावयास हवी.

ती कशी व्हावी, याविषयी दोन सूचना करून हा लेख पुरा करतो. एक, शंभरांच्या सुट्या प्रबंधांऐवजी महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमेवरील अनेक विभागांनी एकाच नमुन्याची नोंदवही ठेवावी. तीत मायबोली, वडिलोपार्जित गाव व विवाहसंबंधांचे वर्तुळ यांची नोंद असावी, म्हणजे तुलना एकाच पटावर होईल. रोगाचे निदानही सर्वत्र एकाच कसोटीने व्हावे, म्हणजे अस्थिमृदुतेची दुखणी त्यात मिसळणार नाहीत. दोन, रक्ताच्या नळीइतकेच महत्त्व दिनचर्येच्या पानास द्यावे. त्या पानावर नुसते ‘उन्हात जाता काय?’ असे विचारून भागणार नाही. केव्हा, किती वेळ आणि अंगाचा किती भाग उघडा ठेवून, हे विचारले पाहिजे. आपल्याकडे कोवळ्या उन्हाची महती पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. पण सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांत या कामापुरते अतिनील किरण फारच थोडे असतात. ते पुरेसे असतात मध्यान्हाच्या आसपास, म्हणजे नेमके ज्या वेळी शहाणा सोलापूरकर दार लोटून घेतो. ज्याने प्रश्नावलीत तास विचारला नाही त्याने ऊन विचारलेच नाही, असे समजावे.

नाशिकच्या त्या दोघांपाशी जनुके नव्हती, पण त्यांनी घर पाहिले होते. आपल्यापाशी जनुके आली आहेत. ती वापरण्यापूर्वी आपणही एकवार उंबरठा ओलांडून, कोण कोठे बसते आणि कवडसा कोठवर येतो, हे पाहून घेणे अगत्याचे आहे.